एका यंत्रावर अनेकांचे दफ्तर

प्रश्न : तुमसर येथील आमच्या राईस मिलचे हिशेब एकाच सर्व्हरवर आहेत. त्यावर व्हर्च्युअल मशीन करून साकोली व पवनीच्या कारकुनांना रिमोट डेस्कटॉप देता येईल काय?

उत्तर : अवश्य, मात्र विंडोज सर्व्हरमध्ये अतिरिक्त परवान्यावाचून मिळणारी दोन सत्रे केवळ व्यवस्थापनाकरिता असून, रिमोट डेस्कटॉप सेवेची १२० दिवसांची सवलतीची मुदत सरताच प्रत्येक कारकुनामागे वा यंत्रामागे स्वतंत्र परवाना लागतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे धानाच्या कोठाराची किल्ली वेशीवर टांगणे होय. सबब प्रवेश व्हीपीएनमधूनच द्यावा. व्हर्च्युअल मशीनच्या स्नॅपशॉटला बॅकअप समजू नये, कारण मूळ डिस्क निकामी होताच तोही तिच्यासवे नष्ट होतो. दफ्तराची नक्कल दररोज निराळ्या डिस्कवर घेऊन अन्यत्र ठेवावी.