कोल्हापुरी वहाण : मापाची आणि निगेची

मंगळवार पेठेत वाढलेल्या मुलाने कोल्हापुरी चपलेवर लिहावे यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण पहिल्या वर्षाला असताना स्नेहसंमेलनासाठी घेतलेल्या नव्या जोडाने एकाच दिवसात माझ्या पायाची सालटे काढली आणि रागाने मी तो माळ्यावर टाकून दिला. चूक चपलेची नव्हती, माझी होती. ती कशी, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

या चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावतात. त्यांतील टॅनिन कातड्यात भिनते, म्हणून ते कुजत नाही. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले कातडे थोड्या दिवसांत तयार होते व मऊ असते. सालीच्या कमावणीला कित्येक आठवडे लागतात, आणि नवेपणी असे कातडे ताठ असते. मात्र पायाच्या उबेने ते हळूहळू सैलावते व पायाचाच आकार घेते. कोल्हापुरीचे मर्म येथेच आहे.

म्हणून माप घ्यावे ते संध्याकाळी. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगलेला असतो. बसून नव्हे, तर दोन्ही पायांवर उभे राहून पाहावे. टाच तळाच्या बाहेर जाऊ नये, बोटे पुढे लोंबू नयेत. पट्टा नवेपणी किंचित घट्टच हवा, कारण तो पुढे ताणतो; आज सैल बसणारी चप्पल महिन्याने पायातून निसटेल. अंगठा मात्र काचता कामा नये.

घरी आणल्यावर पट्ट्याला, कानांना आणि अंगठ्याला आतून एरंडेल किंवा खोबरेल तेलाचे बोट फिरवून रात्रभर ठेवावे. पहिले काही दिवस घरातच अर्धा-पाऊण तास घालावी. तेलात बुडवू मात्र नये. फार तेलाने कातडे लिबलिबीत होते व धूळ धरते.

पाणी हा तिचा खरा वैरी. पावसाळ्यात तिला विश्रांतीच द्यावी. भिजलीच तर चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. कातडे आकसून वाकडे होते. फडक्याने टिपून सावलीत वाळवावी आणि मग हलके तेल द्यावे. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसावी. वादीची शिवण उसवू लागताच कारागिराकडे न्यावी. एक टाका वेळेवर पडला तर जोड वाचतो.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या वहाणा मांडल्या; येथून आक्षेप निघाल्यावर मूळ प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे तिने मान्य केले.

परक्यांनी आमच्या कारागिराचे नाव घ्यावे, हा आग्रह रास्तच आहे. पण आपण तरी ते कितीदा घेतो? ‘पायातली वहाण पायातच बरी’ या म्हणीत वहाणेबरोबर ती करणाऱ्या हातांनाही आपण खालीच बसवले. कातडे कमावणारा, तळ कापणारा, वेणी गुंफणारी बाई, इतक्यांचे श्रम माझ्या त्या जोडात होते, आणि मी तो एका फोडापायी टाकला होता.

तो जोड मी माळ्यावरून काढला आणि तेल दिले. आज महाविद्यालयात येतो तो त्यावरच.