जंगल आधी कळवतं

सह्याद्रीत भटकायचं म्हटलं की जनावरांशी गाठ पडतेच. या गाठीभेटींतून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली: अंगावर येण्याआधी जनावर बहुतेक वेळा इशारा देतं. तो ओळखायचा आणि वेळीच मागे सरायचं, एवढं आपल्या हातात असतं.

१. आधी कान उघडे ठेवा
भीमाशंकरच्या रानात एका संध्याकाळी भेकर भुंकू लागलं. एकेक भुंकणं, मध्ये थोडी शांतता, पुन्हा तेच. पाठोपाठ शेकरूची कर्कश किटकिट आणि वानरांचा खकार सुरू झाला. तिघंही एकाच दिशेला तोंड करून ओरडतात तेव्हा बिबट्या जवळपास असतो, असं समजावं. आम्ही पोरांना मधे घेतलं, उभ्यानंच थांबलो, मोठ्यानं बोलत राहिलो. रान शांत झाल्यावर पुढे निघालो, तर ओलसर मातीत पंजाचा ताजा ठसा होता. चार बोटं आणि मागची रुंद गादी स्पष्ट उमटलेली, नखांची खूण मात्र कुठेच नाही. बिबट्या दिसला नाही, तरी भेट पुरेपूर झाली.

२. गव्याला वाट द्या
दाजीपूरचं जंगल राधानगरी अभयारण्यात येतं. १९५८ पासून ते गव्यांसाठी राखलेलं आहे. तिथे धुक्यात वळणावर एक नर उभा होता. काळाकभिन्न, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. त्यानं नाकातून फुत्कार सोडला आणि आडवा होऊन आपलं अख्खं अंग दाखवलं. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरू शकतो. तो आडवा होतो तेव्हा ‘बघ, माझ्या वाटेला जाऊ नकोस’ असंच सांगत असतो. पाठ न फिरवता, सावकाश मागे सरकत आम्ही झाडाचा आडोसा घेतला. तो निवांत चरत खाली उतरून गेला. सोबत वासरू असेल, तर याहून कितीतरी लांब राहावं.

३. आग्या मोहोळाखाली धूर, अत्तर, आरडाओरड नको
गडांच्या कड्यांना लटकलेल्या मोहोळावर काळसर लाटा सरसरू लागल्या, की माश्या बिथरल्यात असं समजून मुकाट्यानं लांब जावं. मोहोळ उठलंच तर तोंड-डोकं कापडानं झाकून पळावं, पण कड्याच्या दिशेनं नाही. माशी चिरडू नये. चिरडलेल्या माशीच्या वासावर बाकीच्या तिथेच तुटून पडतात.

४. दगडाखाली हात घालू नका
कोकणातल्या कातळावर फुरसं हमखास असतं. वेटोळं घालून अंगावरचे खवले घासत ते करकर आवाज करतं. तंबूबाहेर पाऊल टाकण्याआधी विजेरी लावावी, बूट झटकावेत. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही करू नये. तो अवयव न हलवता थेट दवाखाना गाठावा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं.

५. माकडांना खाऊ घालू नका
बिस्किटं मिळू लागली की माकडाची भीड चेपते. मग ते पिशवी ओढतं, चावतं, आणि लोक दगड उचलतात किंवा पिंजरा मागवतात. लाड आपण करतो, शिक्षा त्याला होते. म्हणून उरलेली भाकरीसुद्धा गडावर टाकू नका, पिशवीत बांधून घरी आणा.