डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी कुठे जोडायची? जुनी पेट्रोल व्हॅन वापरणाऱ्या सभासदांसाठी



आपले डोंगे वल्ह्यावर चालतात आणि डिझेल इंजिनाला डिस्ट्रिब्युटर नसतो. त्यामुळे आजचा विषय आपल्या कामाचा नाही असं कोणाला वाटेल. पण लांजीहून आमगाव-गोंदियाकडे रोहू-कतला नेणाऱ्या आपल्या काही गाड्या अजून कार्बोरेटरवाल्या मारुती व्हॅन आहेत. उन्हाळ्यात गाडी रस्त्यात तापून उभी राहिली की बर्फ वितळतो, मासळी नरम पडते आणि भाव पडतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गाडीचं हेच झालं. स्लो नीट चालत नव्हता म्हणून मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटरची नळी काढून दुसऱ्या जागी जोडली आणि टायमिंग लावून दिलं. स्लो छान झाला. पण भरलेले क्रेट घेऊन तलावाची पाळ चढताना गाडीत दम नाही आणि तापमानाचा काटा वर! रेडिएटर धुतला, तरी फरक नाही. दोष शेवटी टायमिंगमध्ये निघाला.

नळी काय करते?
गाडी हलक्या रेसवर चालते तेव्हा सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवा विरळ असते आणि हळू जळते. म्हणून ठिणगी थोडी लवकर पडावी लागते. नळीतली ओढ डिस्ट्रिब्युटरच्या डब्यातला पडदा खेचते आणि टायमिंग साधारण 10 ते 20 अंश पुढे नेते. पूर्ण रेस दिली की ओढ संपते, टायमिंग मागे येतं आणि इंजिन टकटक करत नाही. इंजिनाच्या वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणारी वजनं डिस्ट्रिब्युटरच्या आत वेगळी असतात.

दोन जागा
1. कार्बोरेटरवर, थ्रॉटलच्या चकतीच्या जरा वर. इथे स्लोवर ओढ जवळपास नसते, रेस दिली की येते.
2. चकतीच्या खाली, म्हणजे मॅनिफोल्डवर. इथे स्लोवरच भरपूर ओढ असते. चांगल्या इंजिनात ती पाऱ्याच्या 15 ते 20 इंचांपर्यंत जाते.

चकती थोडी उघडली की दोन्हीकडची ओढ जवळपास सारखीच होते. म्हणजे खरा फरक फक्त स्लोवर पडतो. मॅनिफोल्डवर जोडली तर उभ्या गाडीचं इंजिन थोडं थंड राहतं आणि स्लोचे फेरे वाढतात. पण ओढ कमी-जास्त झाली तर स्लो डगमगतो.

आमची चूक
नळी मॅनिफोल्डवर जोडलेली ठेवूनच टायमिंग लावलं गेलं. नळीने पुढे नेलेले अंश त्यात मोजले गेले, त्यामुळे मूळ टायमिंग तेवढंच मागे राहिलं. पाळ चढताना ओढ गेली, ठिणगी उशिरा पडू लागली. मग ताकद कमी, उष्णता जास्त आणि पेट्रोलही जास्त.

घरी तपासा
- इंजिन स्लोवर ठेवा, नळी डिस्ट्रिब्युटरकडून काढून तिच्या तोंडावर बोट ठेवा. लगेच ओढ लागली तर ती मॅनिफोल्डवर आहे. रेस दिल्यावरच लागली तर पहिल्या जागेवर. पंखा-पट्ट्यापासून हात आणि पदर लांब ठेवा.
- इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरच्या डब्याला स्वच्छ नळी लावा, तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. ओढ टिकली तर पडदा चांगला. सुटली तर पडदा फाटला, डबा बदला.
- टायमिंग लावताना नळी काढा, तिचं तोंड बंद करा. मूळ टायमिंग गाडीच्या पुस्तकात दिलं आहे तेवढं लावा, मगच नळी परत जोडा.

मग कोणती जागा?
कंपनीने जी दिली तीच. बदलायचीच असेल तर स्लो पुन्हा लावा आणि मोकळी राहिलेली जागा घट्ट बंद करा. मॅनिफोल्डची जागा उघडी राहिली तर तिथून हवा शिरते. ब्रेक बूस्टरच्या नळीला मात्र फाटा काढू नका. तिथे गळती झाली तर ब्रेक जड होतो, आणि भरलेल्या गाडीत ते जिवावर बेततं.

तेव्हा रेडिएटरवर खर्च करण्याआधी ही नळी एकदा बघा. अडचण असेल तर गाडी घेऊन संस्थेच्या कार्यालयात या, सोबत बसून तपासू.

आपला, सचिव