तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियम

१ डिसेंबर २०१५ च्या रात्री अड्यार नदीचं पाणी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत शिरलं. तेव्हापासून चेन्नईच्या त्या भागात तळमजल्यावर महागाचं यंत्र ठेवायला लोक कचरतात. प्रस्तुत लेखक ज्या कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो, तिथेही नवं स्टोरेज घेताना ते पुढच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर न्यायचं ठरलं. सर्व्हर मागच्या इमारतीतच राहिले. पूर्वी दोन्ही एकाच रॅकमध्ये होते आणि दोन मीटरच्या केबलवर काम भागत होतं. आता केबल ट्रेच्या वाटेने मधलं अंतर ऐंशी मीटरच्या पुढे गेलं.

एवढ्या अंतरावर काय चालेल, हे लेखकाने ऑर्डर निघण्याआधीच ईमेलमध्ये लिहून दिलं होतं. एक तर ओएम४ फायबर, नाहीतर शुद्ध तांब्याची कॅट सिक्स ए. कंत्राटदाराचं उत्तर दोन शब्दांचं होतं, ‘पण्णिडलाम सार’. करून टाकू. बिलावर कॅट सिक्स ए लागली.

मग दुपारी बॅकअप आणि उत्पादनाच्या नोंदी एकदम चालू झाल्या की सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यातली आयस्कझी जोडणी तुटू लागली. डेटाबेस गोठायचा, शॉप फ्लोअरवरून फोनवर फोन यायचे, आणि स्विचच्या त्या पोर्टवर सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडा चढत जायचा. वरच्या पातळीवरचा घोळ असता तर सीआरसीचा आकडा असा वाढला नसता. दोष तारेतच होता. पण कंत्राटदाराने आधी स्टोरेजच्या फर्मवेअरवर बोट ठेवलं, नंतर स्विचवर, आणि शेवटी संचालकांसमोर भरलेल्या बैठकीत लेखकाच्या सेटिंगवर. ‘इन-हाउस टीमला या कामाचा अनुभव नाही’, हे त्याचं वाक्य लेखक विसरलेला नाही. पुरावा म्हणून त्याने एक छोटा टेस्टर आणला. आठही दिवे ओळीने लागले. झालं, केबल पास! आठ तारा टोकापर्यंत पोचल्या एवढंच ते यंत्र सांगतं. दहा गिगाबिटला तार टिकेल की नाही, याचा त्याला पत्ताही नसतो.

बैठक संपल्यावर लेखक ट्रेपाशी गेला. कापून उरलेला एक तुकडा तिथेच पडला होता. आवरण सोलून एक तार वेगळी काढली आणि ब्लेडने खरवडली. तांबूस थर निघून आला, आत पांढरी चकाकी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दोन-तीनदा वाकवल्यावर तार तुटली. आवरणावर छापलं होतं नुसतं कॅट सिक्स, पुढे ‘ए’ नाही. त्याच आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. ट्रेमधल्या केबलच्या दोन्ही टोकांचे आकडे वजा केले तेव्हा ८६ आले.

साध्या कॅट सिक्सवर दहा गिगाबिट जेमतेम ५५ मीटर जातं, केबलांची जाड जुडी असेल तर ३७. कॅट सिक्स ए १०० मीटरपर्यंत नेते. आणि दोन्हींच्या मानकांत सबंध तांब्याची तार अपेक्षित आहे. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो.

तेव्हा हे काम अंगावर असणाऱ्यांनी केबल ताब्यात घेतानाच खोक्यातला हातभर तुकडा कापून खरवडावा. प्रत्येक केबलचा सर्टिफिकेशन टेस्टरचा छापील अहवाल मिळाल्याशिवाय पैसे सोडू नयेत, आणि ही अट ऑर्डरमध्येच असावी. कामानंतर मागितलेला अहवाल कुणी देत नाही. सगळं लेखी ठेवावं, हेही आलंच.

फायबर सगळीकडे हवंच असं नाही. सर्व्हर आणि स्टोरेज एकाच रॅकमध्ये असतील तर दोन-तीन मीटरची तांब्याची डीएसी केबल उत्तम. ती स्वस्त असते, वीज जवळपास खात नाही आणि विलंबही कमी. कॅट सिक्स ए ज्याला लागते ते टेन गिग बेस-टीचं पोर्ट त्यापेक्षा बरंच तापतं. चेन्नईच्या उन्हाळ्यात एसीवर आधीच ताण असतो, तिथे हा फरक मोजावा लागतो. इमारत ओलांडायची असेल तर मात्र फायबरच बरं. ओएम३ वर दहा गिगाबिट इथरनेट ३०० मीटर जातं, ओएम४ वर ४००. फायबर चॅनल घेणाऱ्यांनी हे आकडे तिथे लावू नयेत. १६ गिगाला ओएम४ वर १२५ मीटर मिळतात, ३२ गिगाला १००. जुन्या इमारतीत आधीपासून नारिंगी फायबर असेल आणि ‘तेच वापरू’ असं कुणी म्हणालं, तर ठाम नकार द्यावा. ते बहुधा ओएम१ किंवा ओएम२ असतं. फायबरचं टोक जोडण्याआधी प्रत्येक वेळी पुसावं. लेखकाच्या कारखान्यात शेवटी त्या केबलऐवजी फायबर टाकायला आलेल्या माणसाने टोपणं काढून टोकं जमिनीवर सोडली होती, आणि त्या कामाचे पैसे कंत्राटदाराने वेगळे लावले.

एक जोडणी तुटली तर म्हणून केबलची दुसरी वाट ठेवा असं सगळेच सांगतात. ती कुठून जाते, हे फारसं कुणी विचारत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी पावणेबाराच्या सुमारास थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. वांद्रे-कुर्ला संकुलातलं मुख्य केंद्र आणि कुर्ल्यातलं जवळचं राखीव केंद्र यांच्यामध्ये दोन कंपन्यांच्या लिंक होत्या. रस्त्यालगतच्या खोदकामात दोन्ही डळमळल्या. कुर्ल्याशी संपर्क गेला तरी मुख्य केंद्र चालू राहायला हवं होतं, पण तिथलं स्टोरेजच सर्व्हरना दिसेनासं झालं. दूरचं राखीव केंद्र चेन्नईत होतं, तरी व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत.

लेखकाच्या कारखान्यातही कंत्राटदाराने दोन्ही केबल एकाच ट्रेमधून, एकाच भोकातून, वीजवाहिन्यांना खेटून नेल्या होत्या. नवं फायबर टाकताना लेखकाने स्वतः उभं राहून दुसरी वाट मागच्या जिन्याच्या बाजूने काढून घेतली. एक प्लग हाताने उपटला, अर्धा तास डेटाबेस चालू ठेवला आणि मगच कामावर सही केली. कंत्राटदाराचा माणूस तेवढा वेळ घड्याळ बघत होता.