मल्टिमीटर : विद्युन्मंडलाची परीक्षा

क्षिप्रेकाठची आपली वेधशाळा तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहेच. सवाई जयसिंहाने १८ व्या शतकात उभारलेले तेथील प्रत्येक यंत्र आपापल्या कामास वाहिलेले आहे. सम्राटयंत्राच्या सावलीवरून वेळ समजते, तर दिगंश मोजावयाचा तर दिगंशयंत्राकडेच जावे लागते.

विजेच्या कारागिराची अडचणही एके काळी अशीच होती. दाब, प्रवाह व रोध मोजण्यासाठी तीन निरनिराळी उपकरणे त्यास बरोबर वाहावी लागत. इंग्लंडच्या टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकाडी या अभियंत्यास या ओझ्याचा कंटाळा आला व त्याने तिन्ही मापके एकाच पेटीत बसविली. अँपियर, व्होल्ट व ओहम यांच्या आद्याक्षरांवरून 'एव्हो' हे नाव घेऊन ती पेटी १९२३ साली विक्रीस आली. आपल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार माधवराव शिंदे यांनी केला तोही १९२३ सालीच. योगायोगच हा, पण आम्हास मोठा गमतीचा वाटतो.

मल्टिमीटरला आपण जो प्रश्न विचारू त्याचेच उत्तर तो देतो. दाब मोजताना वीज चालू ठेवून त्याच्या दोन तारा दोन बिंदूंना नुसत्या टेकवावयाच्या असतात. प्रवाह मोजावयाचा तर मंडल एके ठिकाणी तोडून मापक मध्ये जोडावा लागतो. रोध मोजताना मात्र मंडलातील वीज बंदच हवी, कारण त्या वेळी प्रवाह मापकातील घट पुरवीत असतो. अँपियरच्या भोकात तारा खोचून त्या घरच्या २३० व्होल्टांना टेकविणे म्हणजे जवळजवळ उघड्या तारेने दोन्ही टोके जोडणे होय. तेव्हा तुमचे सर्व प्रयोग दीड व्होल्टच्या घटावरच करावे. घरच्या विजेच्या वाटेस जाऊ नये.

एक प्रयोग अवश्य करून पाहा. तंतूचा जुना ६० वॅटचा दिवा घ्या. हल्लीचा एलईडी दिवा येथे चालणार नाही. २३० चा वर्ग करून त्यास ६० ने भागिले असता रोध सुमारे ८८२ ओहम येतो. आता तोच दिवा होल्डरमधून काढून, थंड असताना, मापकाने मोजा. काटा शंभराच्याही आत थांबतो! आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. प्रथम आम्हास मापकच बिघडला असे वाटले. परंतु गणितही बरोबर होते आणि मापकही. जळता तंतू २००० अंशांहून अधिक तापतो आणि टंगस्टनचा रोध उष्णतेबरोबर वाढत जातो. गणिताने जळत्या दिव्याचा रोध सांगितला, मापकाने विझलेल्याचा.

मापक खरोखरच फसवितो तो निराळ्या प्रसंगी. एका स्नेहसंमेलनाच्या वेळी रंगमंचावरील दिवा लागेना. आम्ही मल्टिमीटर लावला. काटा शून्यावरून हलला नाही. वीज नाही असे समजून आम्ही हात पुढे केला, तोच शेजारी उभ्या असलेल्या वायरमनने तो धरला. "गुरुजी, आधी मीटर तर तपासा," तो म्हणाला. त्याने मापकाच्या तारा शेजारच्या चालू दिव्याच्या टोकांना लावून दाखविल्या. तेथेही काटा शून्यच! मग त्याने खटका ओहमवर फिरवून दोन्ही टोके एकमेकांस टेकविली. काट्याने उजवीकडे धावावयास हवे होते, पण तो जागचा हलला नाही. तांबडी तार रबराच्या आत तुटलेली होती. बाहेरून ती अगदी धडधाकट दिसत होती.

तेव्हापासून आम्ही मापक प्रथम चालू असलेल्या ठिकाणी लावून पाहतो, मग संशयित मंडलास लावतो, आणि काटा शून्य दाखवू लागला तर पुन्हा चालू ठिकाणी लावतो. कारण तार मध्येच तुटू शकते. ती तांबडी तार आम्ही टाकून दिलेली नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात ती ठेवलेली आहे. ती कोठे तुटली आहे हे हाताने चाचपून कोणास सापडते का, ते पाहावे.