वाहनक्रमांकाची नोंद आणि तिच्या देवाणघेवाणीच्या कायदेशीर मर्यादा

वरळी कोळीवाड्यातून पहाटे ससून डॉककडे निघालेला मासळीचा टेम्पो डोळ्यांसमोर आणा. चौकातील कॅमेरा त्याची क्रमांकपट्टी टिपतो, संगणक ती वाचतो आणि क्रमांक, स्थळ व वेळ यांची नोंद तयार होते. एकटी नोंद क्षुल्लक वाटेल. महिनाभराच्या नोंदी एकत्र केल्या, की टेम्पो कोणत्या दिवशी बंदरावर जातो, कोठे थांबतो, कधी निघतच नाही, हे सारे उलगडू लागते. म्हणूनच ही नोंद पुढे कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६अ आले आणि त्याला अनुसरून ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत नियम १६७अ घालण्यात आला. कॅमेऱ्याआधी ठळक सूचनाफलक असावा, उल्लंघनाची सूचना १५ दिवसांत पाठवावी आणि चलन निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपावी, असे हा नियम सांगतो. ज्याने नियम मोडलाच नाही, त्याच्या नोंदीचे काय, यावर मात्र तो मौन बाळगतो. (कायद्याची भाषा याला ‘देखरेख’ म्हणते, ‘पाळत’ हा शब्द ती टाळते. भाषेच्या अभ्यासकाने हा फरक टिपून ठेवावा.)

या मौनाच्या जागी संविधान उभे राहते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यावर मर्यादा घालायची तर कायद्याचा आधार, वैध उद्दिष्ट आणि उद्दिष्टाच्या प्रमाणातच उपाय, या कसोट्या लागतात.

ही भीती काल्पनिक नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१९ मध्ये वाहननोंदणी व वाहनपरवान्यांची माहिती एकगठ्ठा देण्याचे धोरण आणले. व्यापारी संस्थांना वार्षिक शुल्क होते ३ कोटी रुपये, शैक्षणिक संस्थांना ५ लाख. गैरवापराची व खासगीपणाच्या भंगाची शक्यता मान्य करून जून २०२० मध्ये मंत्रालयानेच ते मागे घेतले. ती नोंदणीची माहिती होती, कॅमेऱ्याची नव्हे; पण नोंदणी जोडल्याशिवाय कॅमेऱ्यातील क्रमांकाला मालक मिळत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ गुन्ह्यांचा प्रतिबंध व तपास यांसाठी बरीच सूट देतो. कलम १७(१) च्या या सवलतीतही डेटा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी सुटत नाही. तरीही सवलतीचे दार प्रमाणाबाहेर रुंद आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कलम १७(२) खाली केंद्र सरकार अधिसूचित शासकीय यंत्रणांना अधिनियमातूनच वगळू शकते.

स्वयंअध्ययन प्रश्न : वरील टेम्पोच्या कर्जाचे हप्ते थकले आहेत. कर्ज देणारी कंपनी तो शोधण्यासाठी वाहतूक विभागाकडे कॅमेऱ्यातील नोंदी मागते. गुन्हा दाखल नाही. नियम १६७अ चे प्रयोजन आणि पुट्टस्वामी निर्णयातील कसोट्या लावून आपले उत्तर आठ-दहा ओळींत लिहा.