सहापर्यंत थांबता येईल असं कॉलेज

लोहगडवाडीत प्रवेशाचा मोसम आणि पावसाळी गर्दीचा मोसम नेमके एकाच वेळी येतात. जुलैच्या शनिवार-रविवारी गडाच्या पायऱ्यांवर मुंगीला वाट नाही. घरोघरी पिठलं-भाकरीच्या ऑर्डरी, आणि त्याच आठवड्यांत इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या फेऱ्या. चूल सोडून लोणावळ्याला फॉर्म भरायला जाणार कोण? मग फॉर्म भरतो सायबर कॅफेवाला आणि कॉलेज ठरवतो कुणीतरी ‘ओळखीचा’. आमच्या घरातून दोन प्रवेश झाले, आधी माझा, काही वर्षांनी धाकट्या बहिणीचा. दोन्हींचा हिशेब मांडतो, कारण दरवर्षी वाडीतली पोरं मला हेच विचारायला येतात.

माझ्या वेळी त्या ओळखीच्यानं अण्णांना सांगितलं, “दादा, कॅपच्या नादी लागू नका. सीट हातची जाईल, आत्ताच बुक करून टाका.” कॉलेज पुण्याच्या पार पलीकडच्या अंगाला. काचेची इमारत, गेटवर लाखांच्या पॅकेजवाल्यांचे फ्लेक्स. अण्णांनी पैसे भरले. पुढे शिष्यवृत्तीची चौकशी करायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी मानही वर न करता विचारलं, “कॅप का मॅनेजमेंट?” राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कॅपमधून आलेल्यांना, व्यवस्थापन कोट्यातल्यांना नाही. बुकिंग करायला लावणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, यावर माझा आजही विश्वास नाही.

पैशाचं एक वेळ सोसलं. खरं खाल्लं ते रस्त्यानं. वाडीतून गायमुख खिंड, तिथून उतरून भाजे, मग मळवली स्टेशन. लोकलनं शिवाजीनगर, पुढे दोन बस. परतताना हेच उलट, आणि पावसाळ्यात खिंडीत अंधार. दुपारी तर लोकलला तासन्‌तास पत्ता नसायचा, म्हणजे सकाळची गाडी चुकली की दिवस गेला. प्रॅक्टिकल असायचं दुपारी. वर्कशॉपमध्ये एका लेथभोवती दहा-पंधरा पोरं; पुढचे दोघं-तिघं टूल लावतात, जॉब फिरवतात, बाकीचे लांबून बघून वहीत आकृती काढतात. पाचनंतर गर्दी पांगली की मशीन मोकळी मिळते, आणि जो थांबतो त्याचाच हात बसतो. मी त्या वेळी बसच्या दांडीला लटकलेला असायचो. पदवी मिळाली, पण मायक्रोमीटर हातात धरायची सवय नोकरीत लागली.

तेव्हापासून माझा निकष एकच: ज्या कॉलेजात संध्याकाळी सहापर्यंत थांबता येतं, ते आपलं कॉलेज. लेक्चरं सगळीकडे होतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा, सरांच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या विचारलेली शंका, हे सगळं लेक्चर संपल्यावर सुरू होतं. म्हणून जवळचं कॉलेज घ्या, नाहीतर वसतिगृहासकट लांबचं घ्या. रोज चार-पाच तास प्रवासात घालवून लांबचं घेऊ नका. याला अपवाद आहे का? नाही म्हणेन. 1854पासून चालत आलेल्या पुण्याच्या सीओईपीला नंबर लागला तर सोडायला मी काही सांगणार नाही, पण तिथेही आधी वसतिगृहाचा अर्ज भरा.

कॉलेज बघायला जायचं तर प्रवेशाच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा रांगोळ्या असतात. बारावीच्या वर्षातच एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी जा. लेथखाली लोखंडाची बर पडलेली दिसली तर मशीन चालतं. चकचकीत पुसलेलं असेल तर ते दाखवायचं. ग्रंथालयात कुठलंही जाडजूड पुस्तक काढा आणि मागच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख कधीची ते बघा. कॅन्टीनमधल्या पोरांना विचारा, सर तास घेतात का.

आपल्याला तर तेवढंही लांब जायला नको. रविवारी आपल्या पडवीत पुण्यातल्या निम्म्या कॉलेजांची पोरं भाकरीची वाट बघत बसलेली असतात. त्यांनाच विचारा: प्लेसमेंट शंभर टक्के म्हणतात, तर तुझ्या वर्गातल्या किती जणांना लागली, कुठल्या कंपनीत, हातात किती पडतात? ठेचा खाताना माणूस खोटं बोलत नाही. शंभर टक्क्यांची गंमत मला तिथेच समजली: ज्यांना मुलाखतीला बसू दिलं, त्यांच्यातले शंभर टक्के.

बहिणीच्या वेळी आम्ही दाखले एप्रिलपासूनच गोळा केले. उत्पन्नाचा, डोमिसाईल, ज्यांना लागतो त्यांना नॉन-क्रिमीलेयर; वडगावच्या तहसील कार्यालयात जूनमध्ये काय रांग असते ते मावळात कुणाला सांगायला नको. कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म तिनं स्वतः भरला. त्यात क्रम म्हणजे सर्वस्व: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की सीट आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेऱ्या बंद. कॅफेवाल्यानं गंमत म्हणून वर टाकलेलं नाव गळ्यात पडू शकतं. नियम दरसाल थोडे हलतात, तेव्हा प्रवेश चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. 2024-25पासून कॅपमधून आलेल्या, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आमच्या बहिणीला ते मिळालं. कॉलेज तळेगावचं, मळवलीहून थोडीच स्टेशनं. ती सहापर्यंत थांबते, लॅब असिस्टंट काकांशी तिची गट्टी आहे, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या ओळखीनं तिला चाकणला एका कारखान्यात सुट्टीतलं काम मिळालं. मार्क माझ्यापेक्षा फार नाहीत तिचे.

आणि चुकीच्या जागी अडकलाच असाल तर ठरलेल्या मुदतीच्या आत प्रवेश रद्द करा. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची कॉलेजला मुभा नाही. कुणी ‘आधी पूर्ण फी भरा’ म्हणालं तर लेखी मागा, आवाज बहुतेक वेळा तिथेच खाली येतो.

एक गोष्ट मात्र आमच्या दोघांच्याही वेळी कुणी बोललं नाही. वाडीतली हुशार पोरं इंजिनिअरिंगला आणि उरलेली ‘नुसत्या’ बी.ए.ला, असं आपण धरूनच चालतो. पण जुलै 2025मध्ये आपला लोहगड इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. खाली भाज्याची लेणी दोन हजार वर्षांची. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. करता येतं, आणि लोणावळा, तळेगावात बी.ए. होतं. ज्याला गडावरची सोळाकोनी बाव कुठल्या बाजूला ते झोपेत सांगता येतं, त्याच्या ऑप्शन फॉर्ममध्ये मेकॅनिकल कशासाठी, हे यंदा अर्ज भरताना एकदा घरात बसून विचारा.